तिजोरीत काय होतं

बंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या रसिक मंडळात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सिनेमा दाखवतात, आणि सिनेमापेक्षा त्यानंतरच्या मतांना जास्त मान असतो. मतांची एक वही आहे. त्या वहीत घराला एकच ओळ मिळते, 'श्री. व सौ. अमुक यांचे मत'. मत श्री. सांगतात. सौ. त्या वेळी पदर सारखा करतात, नाहीतर जेवणाची पानं मोजायला खाली जातात. हा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नाही, पण मोडायचं म्हटलं की सगळ्यांना मंडळाची परंपरा आठवते.

हेमलताबाई गेली अडीच वर्षं त्या वहीतल्या 'व सौ.' होत्या. नवरा दामोदर सरकारी कारखान्यात रडारवर काम करून निवृत्त झालेला. आता तो सिनेमांवर लक्ष ठेवून असे, म्हणजे मध्यंतरापर्यंत. मध्यंतरातला उडदाचा उद्दीनवडा पोटात गेला की दामोदररावांची मान जी डावीकडे कलायची, ती पडद्यावर नावं येईपर्यंत तशीच. मग कॉफीच्या रांगेत ते बायकोच्या कानाशी लागत. "शेवटी काय झालं? आणि चांगला होता का?" हेमलताबाई पाच मिनिटांत गोष्ट सांगत, दिग्दर्शक कुठे घसरला तेही सांगत, आणि दहाव्या मिनिटाला दामोदरराव तेच सगळं खड्या आवाजात सभेला ऐकवत. लोक माना डोलवत.

हे असंच चाललंही असतं. पण मंडळाने या वर्षी दामोदररावांना 'साक्षेपी रसिक' म्हणून शाल द्यायचं ठरवलं, आणि त्यांच्या मतांची पुस्तिका काढायचंही. शनिवारी घेवडा निवडताना हेमलताबाई सहज म्हणाल्या, "पुस्तिकेवर माझंही नाव घाला."

दामोदरराव खरोखरच गोंधळले. "अगं, पण तू तिथे कधी काही बोलली आहेस का?"

चिडवायला म्हणाले असते तर त्यांनी सोडून दिलं असतं. पण माणूस मनापासून विचारत होता. हेमलताबाईंना त्याचाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी कॅसिनोवरच्या दरोड्याचा एक स्पॅनिश सिनेमा होता. पाच दरोडेखोर, नकाशे, भुयार, काळे चष्मे. दोन तास खपून ते तळघरातली तिजोरी उघडतात, तर ती रिकामी. मालकाने सगळा पैसा आपल्याच टेबलांवर जुगारात उडवलेला असतो. पाचही जण तिजोरीत बसून हसत सुटतात, तिथेच सिनेमा संपतो. हेमलताबाईंना तो शेवट फार आवडला. शेजारी दामोदररावांची मान डावीकडे होती.

कॉफीच्या रांगेत प्रश्न आला. हेमलताबाईंनी पेल्यावर फुंकर घातली आणि शांतपणे सांगितलं, "दरोडेखोरांच्या हाती काही लागत नाही. काउंटरवर एक कॅशियर बाई असते ना, वीस वर्षं मान खाली घालून बसलेली? तिने आधीच सगळा पैसा रोज थोडा थोडा जेवणाच्या डब्यातून घरी नेलेला असतो. कुणी तिच्याकडे बघतच नाही, म्हणून जमतं."

सिनेमात अशी बाई औषधालाही नव्हती. आज सभेत एकदा हे तोंडघशी पडू देत, मग आपण उठून खरं काय ते सांगू, एवढाच त्यांचा बेत होता.

दामोदररावांनी घसा साफ केला. "या सिनेमाचा खरा नायक तो डबा आहे," ते म्हणाले. पुढची सात मिनिटं त्यांनी डब्याचा असा काही अर्थ लावला की हेमलताबाईंनाही दोन मुद्दे नवे वाटले.

आता कुणीतरी हसेल म्हणून त्या वाट बघत राहिल्या. उठले ते प्रतापराव. यांचं घराणं शहाजीराजांबरोबर बंगळुरात आलेलं, आणि कुठल्याही विषयावरून ते तीन वाक्यांत तिथे पोचत. "त्या बाईचे डोळे बघितले का तुम्ही?" ते म्हणाले. "एकदाच वर बघते. आमच्या घराण्यातल्या बायका अश्शाच. तोंडातून शब्द नाही, स्वल्प पण नाही." कोरमंगलाच्या स्टार्टअपमधली देवश्री पूर्ण वेळ फोनवर होती. ती म्हणाली, "मला ना, ते कॅशियरचं कॅरेक्टर सुपर रिलेटेबल वाटलं." चिटणीस चंद्रकांत हे सगळं वहीत उतरवत होते. तेही म्हणाले की डब्याचं दृश्य पाहून आपल्या अंगावर काटा आला.

हेमलताबाई उभ्या राहिल्या. अडीच वर्षांत पहिल्यांदाच.

"तिजोरी रिकामी होती," त्या म्हणाल्या. "मालकाने पैसा जुगारात घालवला होता. कॅशियर बाई या सिनेमात नाहीच."

दामोदरराव बायकोकडे बघून मायेने हसले. "सांभाळून घ्या. अंधार झाला की हिचा डोळा लागतो."

सगळे हसले, आणि तेही मायेनेच.

मागच्या रांगेतून कावेरीअक्का बोलल्या. मंडळाइतक्याच जुन्या, आणि सिनेमा चालू असताना शेजारच्याला श्वासही मोठ्याने घेऊ न देणाऱ्या. "अय्यो, तिजोरी खाली, रिकामीच होती की रे. मी बघितलं. परत लावून बघा पाहिजे तर."

"अक्का, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय नुकतं," चंद्रकांत म्हणाले. "आणि परत लावायचं म्हणजे बिसीबेळेभात थंड होणार. मत घेऊ या. हात वर करा."

डब्याच्या बाजूने तेवीस. रिकाम्या तिजोरीच्या बाजूने दोन. सिनेमाचा शेवट बहुमताने ठरला, वहीत नोंदला गेला आणि सगळे जेवायला उतरले. पानावर बसताना कावेरीअक्का हेमलताबाईंच्या कानात म्हणाल्या, "डब्याचं कुणी काढलं? तो शेवट झकास आहे ग."

"माझा आहे," हेमलताबाई म्हणाल्या. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

पुस्तिका छापून आली. डब्याचं मत पहिल्या पानावर होतं, खाली दामोदररावांचं नाव, एकट्याचं.

पुढच्या महिन्यात सिनेमाआधीच शालीचा समारंभ झाला. मग सिनेमा, मध्यंतर, वडा. पडद्यावर नावं आल्यावर कॉफीच्या रांगेत दामोदरराव खांद्यावरची शाल सावरत बायकोच्या कानाशी वाकले. "शेवटी काय झालं?"

"मला काय विचारता?" हेमलताबाई म्हणाल्या. "माझा डोळा लागला होता. तेवीस जणांना माहीत आहे."

"अगं, थट्टा पुरे. आज सगळे माझंच ऐकायला थांबलेत."

"हो ना. मीही थांबले आहे."

आतून चंद्रकांतांनी दामोदररावांचं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. दामोदरराव दारातून एकदा मागे वळून बघत आत गेले. हेमलताबाईंनी कॉफी संपवली, पेला खाली ठेवला आणि आत जाऊन पहिल्या रांगेतली खुर्ची धरली, आज मुद्दाम पुढे येऊन बसलेल्या कावेरीअक्कांच्या शेजारची.