मंजुळाबाईंच्या खुब्यातला गोळा

सकाळी आठच्या सुमारास मंजुळाबाई न्हाणीत घसरून पडल्या. मित्रांनो, तेव्हा मी त्यांच्या उजव्या खुब्यातच होतो. कोबाल्ट आणि क्रोमियमचा लिंबाएवढा गोळा मी, आता बराच जुना.

कारखान्यात मला आरशासारखे घासले आणि हवा काढून घेतलेल्या पेटीत ठेवले. मग नायट्रोजनचे विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, प्रचंड वेगाने माझ्यावर सोडले. त्या माऱ्याने माझे वरचे काही अणू उडाले, काही जागचे हलले, आणि पुष्कळ आयन आत घुसून माझ्या अणूंमध्ये रुतून बसले. दिसायला मी होतो तसाच राहिलो. पण माझी केसाहून कितीतरी पातळ अशी वरची कातडी कठीण झाली. हा वरून दिलेला मुलामा नव्हे, म्हणून त्याचे पोपडे निघत नाहीत.

मंजुळाबाई माजलगावकडे ऊसतोडीला असताना गाडीवरून पडल्या, खुबा मोडला आणि शस्त्रक्रियेत मोडक्या हाडाच्या जागी मी त्यांच्या वाट्याला आलो. त्या पुन्हा चालू लागल्या. त्यांच्या गावातले, चकलांब्यातले सगळे येऊन त्यांची चाल पाहून गेले. पुढे मला सगळेच विसरले. फक्त त्यांचे मालक आश्रुबा विसरले नाहीत. बैलगाडीच्या आखाला देतात तसे ते रोज बायकोच्या खुब्याला तेल चोळू लागले. तेच तेल आज तळपायापर्यंत ओघळले होते.

बीडच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला. मी सैल झालेला निघालो असतो, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली असती, आणि मंजुळाबाई तिलाच भीत होत्या.

"डॉक्टरसाहेब, जंग तर न्हाई ना धरला?" आश्रुबांनी विचारले.

"जंग नाही, गोळा जागेवर आहे. मुका मार आहे. पण एवढं तेल कशाचं?"

"ह्यांचं!" मंजुळाबाई उसळल्या. "बायको न्हाई, गाडीचा आख हाय मी!"

"लोखंडाला तेल लागतंच की," आश्रुबा पुटपुटले.

"आता तुमच्याच टकुऱ्याला लावा!"

डॉक्टरही हसले. मंजुळाबाईंची आखडलेली मांडी माझ्याभोवती सैल झाली.

मित्रांनो, आमची काळजी घ्यायची तर माणसाला पडू देऊ नका. बाहेरचे तेल आमच्यापर्यंत पोहोचत नाही.

मी जिच्यात फिरतो ती सांध्यातली प्लास्टिकची वाटी किंचित झिजल्यासारखी दिसते, म्हणून डॉक्टरांनी वर्षाने पुन्हा बोलावले आहे. मी किती वर्षे पुरेन, ते त्यांनी सांगितले नाही. दुपारी मंजुळाबाई आश्रुबांचा हात झिडकारून गावी परतायला गेवराईच्या एसटीत स्वतः चढल्या.