एकदाच विचारलेला चहा

मित्रांनो, जानेफळच्या एका घरात टीव्हीखालच्या फळीवर विणलेल्या रुमालाखाली एक चपटा काळा डबा आहे. तो मी, एक जुना डीव्हीडी प्लेअर. वय झालं, पण कान अजून शाबूत आहेत.

माझा जन्म दूरच्या कारखान्यातला. घरधनी कचरूभाऊंनी मला मेहकरच्या बाजारातून आणलं, तेव्हा अख्खी गल्ली पाहायला लोटली होती. लग्नांच्या डिस्क, जयंतीची गाणी, सगळं मी वाजवलं. माझ्यावाचून कुणाचं पान हलत नसे. मग घरोघरी मोबाईल आले आणि माझ्यावर रुमाल पडला. गरज सरो, वैद्य मरो! मला फार वाईट वाटलं.

पुन्हा जागं केलं ते कचरूभाऊंच्या लेकीनं, महामायानं. ती मेहकरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. परदेशातल्या दवाखान्यात नोकरी मिळवायची, हे तिचं स्वप्न. त्यासाठी मोबाईलवर इंग्रजीतून मुलाखत होणार होती. शिकवणीच्या अनुपमा मॅडमनी तिला एका इंग्रजी सिनेमाची डिस्क दिली. ती बघायला शेजारची राबियाही यायची.

त्यात एक प्रसंग होता. थंडीत कुडकुडत आलेल्या पाहुण्याला घरमालकीण चहाचं विचारते. तो म्हणतो, "नो, थँक यू." बाई मान डोलावते आणि निवांत खुर्चीत बसते. दोघी मला थांबवून मागे न्यायच्या. शब्द सगळे समजत, प्रसंग काही समजेना.

"काऊन वो, बाईनं चहा काऊन नाही ठेवला?" राबिया विचारी.

"कंजूष असंन," महामाया म्हणे आणि मला पुढे पळवी. मी काय सांगणार? मी आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोलत आलो.

मुलाखतीच्या दिवशी मोबाईल माझ्याच अंगाला टेकवून ठेवला होता. पलीकडच्या बाई झरझर बोलत होत्या. एक प्रश्न महामायाला कळलाच नाही. बाईंनी विचारलं, पुन्हा सांगू का? महामाया संकोचून म्हणाली, "नो, थँक यू." बाई सरळ पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. महामाया गडबडली आणि मुलाखत फसली.

"मले वाटलं, पुन्हा विचारतीन," ती आईजवळ, बेबीताईंजवळ रडली. "एकाच बारीत कोणी हो म्हणते काय?"

धीर द्यायला राबिया धावत आली.

"चहा घेतं ना वो पोरी?" बेबीताईंनी विचारलं.

"नको मावशी, आत्ताच पिऊन आली."

"थोडासा?"

"नाही, खरंच नको."

बेबीताईंनी तोवर आधण ठेवलंही होतं. राबियानं कप हातात घेतला आणि महामाया डोळे पुसता पुसता ताडकन उठली. माझ्यावरचा रुमाल दूर झाला. तोच प्रसंग लागला.

"राबिया, ते बाई कंजूष नाही वो! त्यानं नाही म्हटलं, तिनं खरं मानलं!"

"मंग आपलं 'नाही'?"

"आपलं 'नाही' म्हणजे, अजून विचारा!"

दोघी पोट धरून हसल्या. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

मग सराव सुरू झाला. राबियानं चहाचं एकदाच विचारायचं, महामायानं लगेच "येस, प्लीज" म्हणायचं. पण जिभेची सवय जाते थोडीच! तिच्या तोंडून "नको"च निघे आणि राबिया सगळा चहा एकटीच पिऊन टाकी.

दुसऱ्या मुलाखतीतही एक प्रश्न अडला. पुन्हा सांगू का, असं पलीकडून आलं. मी श्वास रोखला. "येस, प्लीज," महामाया म्हणाली. प्रश्न कळला, आणि मग आमची पोरगी थांबली नाही. तिची निवड झाली.

ती परदेशी गेल्यावर भंगारवाले हैदरभाई दारात आले. "ताई, हा डबा देता का?" बेबीताई नाही म्हणाल्या. पण हैदरभाईही इथलेच. त्यांनी पुन्हा विचारलं, मग आणखी एकदा. माझा जीव टांगणीला लागला.

"नाही म्हटलं ना भाऊ! माह्या लेकीचा मास्तर हाय तो!"

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणी रुमालाखाली पडलं असेल. यंत्र असेल, नाहीतर माणूस. त्यांच्यावरची धूळ पुसा, विचारपूस करा. म्हातारी माणसं "नको" म्हणतील, त्यांना पुन्हा विचारा. मला मात्र एकदाच विचारलंत तरी पुरे, "लावू का रे तुला?"

येस, प्लीज!