ऐकणाऱ्यासकट

चार भोकांचं बटण, कडेला टवका उडालेलं... पर्समध्ये किल्ली शोधताना हाताला लागलं आणि ती विद्यापीठातल्या आपल्या खोलीच्या दारातच थांबली. शिंपीणबाईंच्या डब्यातलं. चुकून आलं वाटतं बरोबर. परवा त्यांच्या टेबलावर मांडलेल्या तीन बटणांपैकी हे होतं 'मी'. निळं म्हणजे शिंपीणबाई, मोठं काळं त्यांची जाऊ. तुमच्या भाषेत 'आपण'ला काय म्हणता, असं थेट विचारायचं नसतं, माणसं गोंधळतात. बटणं सरकवायची, प्रसंग उभा करायचा आणि वाट बघायची. तीन वर्षं ती वाट बघत होती. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारं 'आम्ही' शंभरदा आलं. ऐकणाऱ्याला पोटात घेणारं 'आपण' एकदाही नाही. ते रूप आता कुणी वापरत नाही, असं लिहून आज संध्याकाळपर्यंत शिंपीणबाईंच्या भाषेच्या व्याकरणाचं प्रकरण पाठवायचं होतं.

आणि सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता नवरा म्हणाला होता, "रविवारी आम्ही घर बघून येतो."

आम्ही. म्हणजे तो आणि ठकी, बाप-लेक. त्याच्या बदलीच्या गावातलं घर. आणि मी? – तिने विचारलं नाहीच, ठकीचा डबा भरला. विचारलं असतं तर हसला असता, झालं, पाडलास शब्दाचा कीस! पंप दुरुस्त करणारा माणूस, तो कुठे शब्द तोलून बोलतो... पण न तोलता बोललेलंच खरं, हे मीच नाही का विद्यार्थ्यांना शिकवत? विचारून मिळालेलं वाक्य पाहुण्यासारखं असतं, आपसूक आलेलं ते घरचं.

तिने परवाचं ध्वनिमुद्रण कानाला लावलं. लक्ष लागेना. उठून खिडकी लावली, परत उघडली. कानात तिचाच आवाज – "हे बटण मी, हे तुम्ही. दोघींनी पाणी आणलं. कसं सांगाल?" आणि शिंपीणबाईंचं हसणं – "अहो, पण तुम्ही कुठे आणलंत? मीच आणलं की!" मग आभार, वही मिटल्याचा आवाज. एरवी ती इथेच थांबवायची. आज हात तसाच राहिला. परवा यंत्र बंद करायचं विसरलं होतं. खुर्ची सरकली, पिशवीची चेन ओढली गेली, आणि लांबून शिंपीणबाई आपल्या भाषेत, अगदी सहज – आपण जरा उन्हात बसू.

तिने मागे नेलं. पुन्हा ऐकलं. चारदा. आपण – ऐकणाऱ्यासकट, धडधडीत जिवंत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती आनंदाने उभीच राहिली, आणि तेवढ्यात कानातला तिचा आवाज म्हणाला, "नको हो, उशीर होतोय. बस चुकेल."

बस अर्ध्या तासाने होती.

शब्द तिलाच उद्देशून आला होता, आणि तिने तो ऐकलासुद्धा नव्हता, चेन ओढत होती. घरीही तेच – जेवल्यावर आपण एक चक्कर मारू... आई, आपण पत्ते खेळू या ना... आणि दर वेळी, कागदांतून मान वर न करता, नको, उशीर होतोय. किती वर्षं? तिला लाज वाटली, भीतीही. सकाळचं ते 'आम्ही' त्याने एकट्याने घडवलेलं नव्हतं.

प्रकरण तसंच पडलं. एका कोऱ्या कागदावर तिने लिहिलं, रविवारी आपण घर बघायला जाऊ. भाषाशास्त्रात चुकीच्या वाक्याआधी चांदणी काढायची रीत आहे; पेन्सिल वाक्याच्या आधी टेकली, उचलली, पुन्हा टेकली. वाक्य चालतं की नाही हे विचारणाऱ्याने ठरवायचं नसतं. ज्याची भाषा, त्याच्यासमोर म्हणून बघायचं.

तिने फोन लावला. बटण मुठीत घामेजलं होतं. पलीकडे पंपाची घरघर, मग त्याचा घाईतला आवाज.

"हां, बोल."

आपण... एवढा एकच शब्द, लहानपणापासून येणारा, आणि तो आपल्याला नीट म्हणता येईल याची तिला खात्री वाटेना.