लाल फळे आणि मी, कढई

मित्रांनो, मी एक जुनी, जाड बुडाची पितळी कढई आहे. माझ्या बुडाला पोचा आहे, एक कान निखळून पुन्हा जोडलेला आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. तो कशाचा, तेच सांगते.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. या घरातल्या मुलीच्या आत्याने आपल्या पहिल्या पगारातून मला विकत आणले, ते एकाच कामासाठी. परसात कुंपणाला लागून रानबेरीचे काटेरी झुडूप होते. उन्हाळा सरता सरता ते फळांनी लगडून जायचे. आत्या भारी आळशी. हाताला येईल ती फांदी ओरबाडायची आणि पिकलेली काळी, अर्धकच्ची लाल, सगळी फळे माझ्यात ओतायची. ती शिजवून फडक्यातून गाळली आणि रस साखर घालून आटवला, की जेली अशी धरायची की बरणी उपडी केली तरी हलायची नाही. शेजारीपाजारी वाट्या घेऊन यायचे आणि जाताना माझेही कौतुक करून जायचे. ते दिवस आठवले की मला भरून येते.

पुढे आत्याची दूरच्या शहरात बदली झाली आणि मी मुलीच्या आईच्या हाती आले. आई शिवणकाम करते. तिची टीप कधी रेषा सोडत नाही आणि फळे निवडतानाही तिचा तोच खाक्या. प्रत्येक फळ उजेडात धरून बघायची. जरा लालसर दिसले की टाकून द्यायची. अहो, जेली धरून ठेवणारा चिकटपणा त्या आंबट लाल फळांतच तर जास्त असतो! मी शेगडीवर रटरटून जीव आटवला, पण ऐकतो कोण? दर वर्षी पाकच व्हायचा. रंग सुंदर, चव गोड, पण पाक तो पाकच. पावावर घातला की मुलीच्या कोपरापर्यंत ओघळ जायचे. मग आई माझ्यावर राग काढायची आणि मला घासून घासून माझी कल्हई उडवायची. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय!

आत्या फोनवर न चुकता विचारायची, "जेली धरली का गं?" तिने एकदा थट्टेत म्हटले होते की हिच्या हाताला काही धरतच नाही. ते आईच्या मनात सलत राहिले होते. म्हणून ती ठसक्यात सांगायची की मस्त धरली. खरे बोलली असती, तर आत्याने दोन शब्दांत चूक दाखवली असती. मी ओट्यावर बसून नुसती चरफडायचे.

यंदा बाबांनी गाडीसाठी छप्पर घालायचे ठरवले. झुडूप आड येत होते, पण आईचा त्याच्यावर जीव. शिलाई मशीनवरून मान वर केली की तिला तेच दिसायचे. शेवटी बाबा म्हणाले की यंदा जेली धरली तर झुडूप राहील, नुसत्या पाकासाठी एवढी जागा अडवायची नाही. आईने फळे निवडली. पुन्हा निवडली. एक लाल फळ म्हणून माझ्यात पडू दिले नाही. झाला पाक.

कामगार कोयते घेऊन आले, त्या सकाळी आईला राहवले नाही. ते वरून छाटत होते आणि ती खालून ओरबाडत होती. काळे, लाल, देठासकट, मिळेल ते. हात काट्यांनी रक्ताळले. निवडायला वेळच कुठे होता? दुपारी तिने ते सगळे रागारागाने माझ्यात शिजवले, गाळले, आटवले. संध्याकाळी बरणी कलती करून पाहिली. जेली हलली नाही. उपडी केली, तरी नाही.

तोवर मुळेसुद्धा उपटून झाली होती. बाबांनी आत येऊन चमचाभर जेली चाखली आणि मान खाली घातली. आईने आत्याला फोन लावला.

"ताई, जेली आज पहिल्यांदा धरली. आजवर मी तुम्हाला खोटं सांगत होते."

आत्याने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "लाल फळं टाकून देत होतीस? अगं, एकदा विचारायचंस तरी."

आता मी माळ्यावर असते आणि माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवतात. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, कढईला बोलता येत नाही, तुम्हाला येते. जे जमत नाही ते जमत नाही म्हणून सांगा. आणि परसातले झाड उभे आहे तोवर सांगा.