सात नंबरचा खड्डा

“काका, विटांचा चुरा असेल हो. ‘विशेष काही नाही’ असं लिहून टाका,” पुलाच्या इंजिनिअरने कागद पुढे केला.

काकांनी कागद घेतलाच नाही. यंत्राने भोकातून उपसलेली माती ते उकिडवे बसून चाचपत होते. राख, खापऱ्या आणि पंजाएवढी एक लिंपलेली ढेप.

जुना पूल खिळखिळा झाला होता. नवा बांधण्याआधी नदीकाठी खड्डे घेऊन जुन्या वस्तीच्या खुणा शोधायच्या, हे काकांचं काम. तीस वर्षांत त्यांनी ‘निरंक’ हा शेरा इतक्यांदा लिहिला होता की रस्तेवाले त्यांना लाडाने निरंककाकाच म्हणत. सात नंबरच्या खड्ड्यापुढेही त्यांनी तोच शेरा मारला होता. आता तिथेच खांबांसाठी भोकं पाडली जात होती. चार भोकांत काँक्रीट भरून झालं होतं, हे पाचवं.

दोन महिन्यांपूर्वी त्या खड्ड्यात पिवळी, स्वच्छ माती लागली, तेव्हा खोदणाऱ्या मावशींनी ती बोटांत चुरून पाहिली होती. “काका, ही मूळची नाही. पुरानं आणून टाकलेली आहे. अजून हातभर जाऊ या.” मूळ मातीखाली वस्ती सापडत नाही, पण ती मूळचीच असल्याची खात्री होईपर्यंत थांबायचं नाही, हा नियम काकांनीच त्यांना शिकवला होता. पण चार वाजता दवाखान्यात काकूंच्या डोळ्यावरची पट्टी काढणार होते. काकांनी घड्याळ पाहिलं. “मूळचीच आहे, मावशी. बास. बुजवा.”

पट्टी निघाली तेव्हा काकूंना पहिलं तोंड दिसलं ते काकांचं. तेव्हापासून घरी येईल त्याला त्या सांगतात, “हातातलं काम टाकून धावत आले हो!” आणि काका उठून आत जातात.

मावशी उपसलेल्या मातीपाशी, काकांच्या शेजारी येऊन बसल्या. ढेपेच्या तुटक्या कडेवर त्यांनी नख फिरवलं. “एक, दोन... सहा थर. सहा वेळा लिंपलीय जमीन. घर होतं हो काका.”

“मावशी, तुम्हीच खोदला होता ना सात नंबर?” इंजिनिअर चिडला होता. “खाली मूळ माती लागली होती की नाही?”

मावशींनी काकांकडे पाहिलंही नाही.

“लागली होती. माझीच चूक झाली असेल साहेब. डोळे अधू झालेत आता.”

बावीस वर्षांत मातीच्या बाबतीत ही बाई एकदाही चुकली नव्हती. कुणी तसं नुसतं म्हटलं तरी ती दिवसभर बोलायची नाही. आणि आज ती आपल्यासाठी स्वतःलाच खोटं पाडत होती. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. यापेक्षा तिने चारचौघांत वाभाडे काढले असते तर बरं झालं असतं.

“आणा तो कागद,” ते म्हणाले.

ढेप गुडघ्यावर ठेवून त्यांनी लिहिलं आणि मावशींना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, “मजूरबाईंनी अजून खोदायला सांगितलं होतं. खोदाई मी थांबवली. सात नंबरचा ‘निरंक’ हा माझा शेरा खोटा आहे. काम थांबवावं.”

“अहो काका, या वयात चौकशी मागे लावून घेताय!” इंजिनिअरचा आवाज खाली आला.

“लागू दे.”

चौथ्या दिवशी यंत्र मागे घेतलं आणि मावशी थापी घेऊन खाली उतरल्या. पिवळी माती हातभर गेली आणि जमीन लागली. गुळगुळीत, राखाडी. दोन्ही बाजूंनी काँक्रीटने तोडलेली. मधे उरली होती जेमतेम एक माणूस आडवा होईल एवढी पट्टी. काका टेप धरून उभे होते, पण मोजायला वाकवेना.

मावशी ब्रशने माती झाडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “काका, आज कितीला जायचंय?”

“आज नाही जायचं, मावशी,” काका म्हणाले, आणि चपला काढून खाली उतरले.