कोयंड्यातला धोटा

तांडापेठेतल्या या घराचं दार आतून लावलेलं असतं, तेव्हा कोयंड्यात एक लाकूड खुपसलेलं दिसेल. होडीसारखं, मधे पोकळ, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. पाहणाऱ्याला वाटेल, खुंटी असेल. खुंटी नाही हो मी. मी धोटा आहे. कोष्ट्याच्या मागावर या काठापासून त्या काठापर्यंत सूत वाहून नेणारा. आज बोलतोय, कारण धावायचं काम संपलं आणि गप्प राहवत नाही.

मी शिसवाचा. माझा पहिला धनी देवाजी, त्यानं मला बाजारातून निवडलं तेव्हा हातात घेऊन नाही, गालाला घासून पाहिलं होतं. बारीक कुसळ राहिलं असेल तर ते गालालाच कळतं, कोष्ट्याचा हात आधीच खडबडीत झालेला असतो. मग घरी आणून त्यानं मला तेल पाजलं आणि देव्हाऱ्यापुढं ठेवून कुंकू लावलं. आमच्यात नवा धोटा आला की असंच करतात, नव्या सुनेसारखं.

देवाजी गेला आणि माग त्याच्या मुलाकडं, नत्थूकडं आला. हा माग जमिनीत रोवलेला. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, उजव्या हातानं दोरी ओढतो, की मी सुटलोच! इकडून तिकडं, तिकडून इकडं. दिवसभर धावायचो आणि घराबाहेर एक पाऊल नाही.

नत्थूचा हात थांबला की मी थांबायचो. मधेच सूत तुटलं तर तो दोरी सोडून उजवा हात पुढं करायचा आणि मला धावताना झेलायचा. मी त्याच्या तळव्यात असा येऊन बसायचो, जसा पाळलेला पोपट मनगटावर येऊन बसतो. त्याला बघावंसुद्धा लागायचं नाही. हात आपोआप यायचा.

माझ्या पोटात सुताची कांडी असते. ती कांडी भरायचं काम बाईचं. नत्थूची बायको कांता रहाटावर बसून कांड्या भरायची. भिवापूरकडची पोर, सातवी शिकलेली. तिची मुलगी यमू मागाच्या तुळईला बांधलेल्या झोळीत झोपायची. कांता हातानं रहाट फिरवायची आणि पायानं झोळीची दोरी हलवायची. मधेच उठून पोरीच्या नाकाशी बोट धरायची. श्वास चालू आहे ना, एवढंच बघायला. पोर सुखानं झोपली तरी तिला भीती वाटायची, रडली तरी वाटायची.

यमूचं एक नवल होतं. मागाच्या खटखटाटात ती गाढ झोपायची आणि माग थांबला की डोळे उघडायची.

आणि माग थांबू लागला होता. त्या वर्षी सूत मिळेना. मिळालं तरी विणलेलं लुगडं कोणी घेईना. इतवारीचे व्यापारी मनोहरराव नत्थूला सूत द्यायचे आणि लुगडी घेऊन जायचे. तेही आता दारावरूनच बोलून परत पाठवायचे. एका सकाळी चूल पेटली नाही, त्या दिवशी सिंधूताई, म्हणजे नत्थूची आई, "आज माहा उपास हाय," म्हणाली. उपासाचा वार नव्हता. कांतानं ते ओळखलं.

त्या दिवाळीला नत्थूचा सोबती गोविंदा सुरतेहून आला. अंगात चकचकीत नायलॉनचा सदरा, हातात घड्याळ. दारातूनच ओरडला, "काय गा नत्थू, अजून खड्ड्यातच हायेस का?"

"खड्ड्यात नाही त काय छपरावर बसू?" नत्थू म्हणाला.

"सुरतेले चाल. तिथं माग विजेवर चालते. माणूस नुसता उभा राह्यते."

"माग आपला आपण चालते? मंग माणूस कायले लागते?"

"सूत तुटलं का जोडाले."

सिंधूताई आतून म्हणाली, "म्हंजे यंत्राचा गडी झाला तू, गोविंदा."

"गडी त गडी, काकू. पर रोज चूल पेटते."

गोविंदाला कळलं नाही, पण त्याचा दगड बरोबर लागला होता.

"वैनीले अन् पोरीलेबी आण," तो म्हणाला. "खोली मी पाहून ठेवतो."

नत्थूनं मला हातात घेतलं, उगाच फिरवलं आणि कांताला म्हणाला, "तू सांग वं. तू म्हणशीन त सारेच जाऊ."

या घरात कांताला आजवर भाजी कोणती करायची हेही कोणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं ते एकदम हे! तिनं झोळीची दोरी घट्ट धरली.

"तिथं पोरीले ताप आला त मी कोणाच्या दारात जाऊ?"

"दवाखान्याच्या!" गोविंदा हसला.

"अन् डाक्टरले सांगू कशी? मले गुजराती येते का?"

"पोरगी रडली का डाक्टरले समजते, वैनी. रडणं साऱ्या मुलखात एकच हाय."

कांताला हसू आलं नाही. परका मुलूख, परकं पाणी, शेजारीण कोण ते ठाऊक नाही. शेवटी ती म्हणाली, "तुमी पुढं जा. पाहून या. मंग आमी येतो."

किती शहाणं बोलणं! सगळ्या गल्लीनं वाखाणलं. पोरीची आई अशीच पाहिजे, म्हणाले.

जाण्याआधी नत्थूनं मागावरचं शेवटचं लुगडं कापून घेतलं, पण दशी राहू दिली. दशी म्हणजे ताण्याच्या, उभ्या धाग्यांची वीतभर टोकं. ती मागाच्या फणीत अडकवून तशीच ठेवायची असतात. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा या जुन्या टोकाला पिळून जोडायचा, म्हणजे जुन्याच वाटेनं नवं सूत आत येतं. दशी कापली तर माग नागडा होतो. कोष्ट्याच्या घरात दशी कापत नाहीत. देवाजी वारला त्या दिवशीसुद्धा मागावर दशी होती.

"दशी हाय तवर माणूस वापस येते," सिंधूताई म्हणाली आणि फणीवर जुनं धोतर पांघरलं.

नत्थू गेला. घर इतकं शांत झालं, की यमू झोपेना. रडून रडून पोर निळी पडायची. मग कांताला एक युक्ती सुचली. ती खड्ड्याच्या काठावर उभी राहून माझी दोरी ओढायची. खटक, खटक. मी रिकाम्या मागावर धावायचो. एक बोट कापड होत नव्हतं, पण पोरीला काय त्याचं? ती झोपायची. कांता मात्र दोरी ओढतच राहायची. तोंडानं पुटपुटायची, "बरे असतीन ना तिथं? जेवले असतीन ना?" मी काय सांगणार?

होळी झाल्यावर गोविंदा परत आला. या खेपेला घड्याळ बघायची कोणाला शुद्ध नव्हती. त्याच्यासोबत नत्थू होता, आणि नत्थूचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. फडकं जिथं जाड असायला हवं, तिथं ते बसकं होतं.

"सूत तुटलं, काकू," गोविंदा खाली बघत म्हणाला. "पहिले माग बंद करा लागते. यानं बंद केलाच नाही. हात घातला. मी वरडलो, नत्थू, हात काढ गा! पर तिथं शंभर माग खडखडून राह्यले. कोणाले आयकू येते?"

मला न सांगताच कळलं. सूत तुटलं आणि नत्थूचा हात आपोआप पुढं आला, धोटा झेलायला. पण तिथला धोटा माझ्यासारखा कुठं थांबणार? त्याला विजेनं फेकलेलं. समोर हात आहे की लाकूड, त्याला काय कळे? तोही माझ्याच जातीचा, हे मला आजही खुपतं. तो बोटांवर येऊन आदळला आणि मागून सूत ठोकणारा हात्या आला. तीन बोटं गेली. चौथं राहिलं, पण वळत नव्हतं.

कांता रडली नाही. तिनं कडुलिंबाचा पाला उकळला, फडकं भिजवून सोडलं आणि हात धुतला. नुसतं एकदा म्हणाली, "पाहून या म्हणलं होतं मी." मग आपल्याच तोंडावर पदर दाबून आत गेली.

त्यानंतर नत्थू खड्ड्याच्या काठावर बसून असायचा. दोरीकडं बघायचा. यमू रांगत मागाजवळ गेली की एवढ्या जोरात ओरडायचा, की पोर जागच्या जागी मुतायची.

एके दुपारी सिंधूताई पाण्याला गेलेली असताना कांता खड्ड्यात उतरली. आमच्यात बाई ताणा करते, कांड्या भरते, पण मागाच्या खड्ड्यात बसत नाही. तिनं हिरव्या सुताची कांडी माझ्या पोटात बसवली आणि दशीवरच विणायला सुरुवात केली. रिकाम्या मागावर धावणं वेगळं आणि धाग्यांतून वेगळं; पहिल्या ओढीला मी बाहेर उडून चुलीजवळ पडलो. दुसऱ्या ओढीला अर्ध्यात अडकलो.

नत्थू बघत होता. "दोरी नाही ओढा लागत वं. झटका द्या लागते," म्हणाला. कितीक दिवसांनी त्याच्या तोंडून सरळ वाक्य आलं होतं.

तिनं झटका दिला. मी पार गेलो! तिसऱ्यांदा, चौथ्यांदा गेलो. असा कितीदा तरी गेलो, तेव्हा दशीवर चार बोटं हिरवी पट्टी उमटली. सिंधूताई घागर घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. कांता चटकन उठू लागली, तशी म्हातारी म्हणाली, "बस. बसलीच हायेस त नीट बस. पाठ वाकडी करू नको."

ती पट्टी विणताना त्या घरात जरा जीव आला होता, हे खोटं नाही. दुसऱ्या दिवशी कांता यमूला कडेवर घेऊन मनोहररावांकडं सूत मागायला गेली. परत आली ती पडल्या चेहऱ्यानं. आत मनोहररावांची सून नायलॉनचं पातळ नेसून कपाट आवरत होती. आणि मनोहरराव वाईट बोलले नाहीत, उलट गूळ-पाणी दिलं. "पोरी, सूत देईन मी," म्हणाले, "पण लुगडं नेसणार कोण? माझ्या घरातच कोणी नेसत नाही."

सुरतेहूनच येतात ती पातळं. नत्थूची बोटं जिथं राहिली तिथून.

आणि मग गोविंदा पुन्हा आला. ओसरीवर बसला, पण मान वर करेना. "वैनी, तिथं बायकाइले कांड्या भराचं काम हाय. मशीनीवर. मालक म्हणते, नत्थूची बाई आली त ठेवतो. नत्थूले फाटकावर राखणीले बसवतो. उद्या मी जाऊन राह्यलो. परवा दुसऱ्या कोणी धरतीन ते काम."

नत्थू ताडकन उठला. "मी नाही येत! तिथं माही बोटं पडून हायेत."

यमू कांताच्या पदराचं टोक चोखत होती. मी फणीजवळ पडलेलो, तिच्या हाताच्या अंतरावर. जी बाई तापाच्या भीतीनं गेली नव्हती, तिला आता कशाकशाची भीती असेल! पण ती म्हणाली, "अन् इथं काय हाय हो? इथं नुसता हात हाय."

नत्थू खाली बसला. मग त्यानं डाव्या हातानं आपली पिशवी ओढली.

सकाळी गाठोडी बांधून झाली. सिंधूताई येणार नव्हती. "मले नेऊन काय करता? मी मागाजवळ राह्यतो," एवढंच तिचं. निघताना कांता सासूच्या पाया पडली आणि मागापाशी घुटमळली. धोतर उचलून दशीवरून हात फिरवला, हिरव्या पट्टीवरून फिरवला. बाहेर गोविंदा हाका मारत होता. भुसावळला गाडी बदलायची होती, उशीर करून चालणार नव्हतं. पण तिचा पाय निघेना. दाराशी जायची आणि परत यायची.

तेव्हा सिंधूताई उठली. स्वयंपाकातली विळी घेऊन आली आणि कोणी काही म्हणायच्या आत तिनं दशी कापली. सगळी, या काठापासून त्या काठापर्यंत. वाळलेले धागे तुटताना गवत कापल्यासारखा आवाज झाला.

"मामीजी!" कांता सासूकडं बघून किंचाळली.

"जाय," म्हातारी म्हणाली. हिरव्या पट्टीची घडी करून तिनं यमूच्या झबल्यात खुपसली. "एक पाय इथं अन् एक तिथं ठेवशीन त पोरगी कोण पाह्यणार? जाय आता. मांगं पाहू नको."

आणि कांतानं खरंच मागं पाहिलं नाही. मला वाटलं होतं, निदान मला तरी नेईल. पण नत्थूसमोर धोटा कशाला, असं तिच्या मनात आलं असणार. बरोबरच आहे.

मागाचं लाकूड आता उरलेलं नाही. काही सरपणात गेलं, काही शेजाऱ्यांनी नेलं. खड्डा बुजवला आहे, पण शेणानं सारवलं की तिथली जमीन अजून थोडी खचते. सिंधूताई एकटी असते. अंधार पडला की माझं टोक कोयंड्यात खुपसते, उजाडलं की काढते. कधी काढून गालाला लावते. माझ्या पोटात कांतानं भरलेली हिरव्या सुताची कांडी अजून आहे, अर्धी. म्हातारीनं ती काढलेली नाही.

कांता, इतकंच मागणं आहे. यमू आता चालायला लागली असेल. कांड्या भरताना तिला पायाशी बांधून ठेव, झोळीच्या दोरीनं बांध, रडू दे रडली तर. चालत्या मागापुढं हात करायचं तिच्या रक्तात आहे. तिथला धोटा थांबत नाही, हे तिला कोणीतरी सांगायला हवं.

आणि कधी काळी या दारी आलीस, तर बाहेरून कडी वाजव. म्हातारीला कमी ऐकू येतं, पण कडीचा धक्का लाकडाला लागतो. तिच्या आधी मला कळेल.