दुसरं वाक्य

त्या सकाळी इस्त्रीवाल्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एक शर्ट घेतला, कॉलर केली, बाह्या तशाच सोडून दुसरा ओढला. मध्येच दारापर्यंत जाऊन उगाच रस्ता बघून आला. परत येतो तर इस्त्री शर्टाच्या पाठीवरच राहिलेली. उचलली, तर खाली इस्त्रीच्याच आकाराचा तपकिरी डाग. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

"जाळा, जाळा," मागून आक्का म्हणाली. "गिऱ्हाइकांनाही कळू दे मालकाचं डोकं कुठे आहे ते."

आक्का म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण. उन्हाळ्याच्या सुट्टीत बायको गेली, तेव्हा चार दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. इस्त्री झालेल्या कपड्यांच्या घड्या घालायचं काम तिने आपणहून घेतलं होतं.

"भावोजी, आज तुमचे दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होतायत ना? मग इथे काय करताय?"

"माझ्याच्याने नाही व्हायचं, आक्का. वाचून दाखवणारी गेली."

"मी मेले का? परवा वाचलं की नाही?"

"तुम्ही वाचता कुठे? तुम्ही पुस्तकाशी भांडता."

हे खरं होतं. दर ओळीला आक्का थांबायची आणि "कोण म्हणतो असं?" म्हणून त्याच्याकडे बघायची, जणू पुस्तक त्यानेच लिहिलंय.

बायकोची रीत वेगळी होती. तो सातवीत शाळा सोडून इस्त्रीला उभा राहिला होता. लग्नानंतर तिनेच पुन्हा शिकायचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं. पण हात रिकामा नाही आणि डोळे कापडावरून हलवता येत नाहीत, मग वाचणार कधी? म्हणून ती टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून वाचायची. तिने एक वाक्य म्हणायचं, त्याने ते मोठ्याने परत म्हणायचं, मग इस्त्री पुढे सरकायची. अडला तर इस्त्री वर उचलायची आणि वाक्य पुन्हा ऐकायचं. दहावी आणि बारावी त्याने बाहेरून दिली, ती अशीच कपड्यांवर.

विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत मात्र घोडं अडलं. पहिल्या खेपेला समोर टेबल होतं पण हातात इस्त्री नव्हती. एक वाक्य धड आठवेना. दुसऱ्या खेपेला आठवलं, पण तो ते सवयीने मोठ्याने म्हणायला लागला. पहाऱ्यावरच्या बाईंनी दोनदा दटावलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "काका, बातम्या द्यायला आलात का इथे? उठा." आणि बाहेर काढलं.

हे ऐकून बायको डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग उठली आणि दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून आणला.

"हा ओठांत धरा. आता मनातल्या मनात म्हणायचं. चिमटा पडला की धडा पहिल्यापासून."

वर्षभर तो चिमटा तोंडात धरून इस्त्री करत होता. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय हो वहिनी, यांचं तोंड वाळत घातलंत वाटतं!" उलट बोलावं तर चिमटा पडेल, म्हणून तो नुसता डोळे वटारायचा. तिसऱ्या खेपेला फळ्यावर नाव लागलं.

पहिल्या दिवशी त्याचा शर्ट तिने केला, त्याला इस्त्रीला हात लावू दिला नाही. तो सगळ्यात पुढच्या बाकावर बसला. आजूबाजूला सगळी त्याच्या निम्म्या वयाची. इतिहासाच्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "जे घडलं तेवढाच इतिहास नसतो, ते कोणी सांगितलं हेही बघावं लागतं." मग पाणी प्यायला थांबल्या.

आणि त्या थांबल्याबरोबर हा खणखणीत आवाजात म्हणाला, "जे घडलं तेवढाच इतिहास नसतो, ते कोणी सांगितलं हेही बघावं लागतं."

अख्खा वर्ग फुटला. बाई "बरोबर" म्हणून पुढे गेल्या, पण याच्या कानात नुसता हशा घुमत राहिला. घरी येऊन त्याने जाहीर केलं, "उद्यापासून जाणार नाही."

तिने सगळं ऐकून घेतलं. हसू दाबताना तिचे ओठ हलत होते. मग म्हणाली, "बरं, नका जाऊ. पण दुसरं वाक्य काय होतं?"

"कुणाला आठवतंय!"

"मग तेवढं उद्या घेऊन या."

तेवढ्यासाठी तो गेला. मग रोजच ती दारात विचारायची, आणि तो काहीतरी घेऊन यायचा. असं पहिलं वर्ष पार पडलं.

"निघा आता," आक्का म्हणाली. तिने इस्त्रीची पिनच काढली. "इथे लोकांचे शर्ट जाळण्यापेक्षा तिथे जाऊन बसा."

तो गेला. या वेळी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसला. खिशात चिमटा होता, तो बोटांनी उघडत मिटत राहिला. बाई त्याच. त्या बोलत होत्या आणि शब्द त्याच्या अंगावरून चालले होते. त्याने पाय हलवले, खिडकी बघितली, दार बघितलं. मध्यंतर होताच उठला. घराकडे जाणारी गल्ली आली तरी वळला नाही, दुसऱ्याच रस्त्यांनी फिरत राहिला. दारात विचारणारं कुणी नव्हतं, तर घाई कशाची करायची?

शेवटी दुकानात येऊन म्हणाला, "आक्का, नाव काढून टाकतो. पालथ्या घड्यावर पाणी आहे सगळं. ती होती म्हणून डोक्यात शिरत होतं."

आक्का विजारीची घडी घालत होती. "एवढा वेळ बसलात, एक अक्षर ऐकलं नाहीत?"

"शहरं बाजारामुळे वसली, असं काहीतरी."

"खोटं आहे."

"बाई सांगत होत्या."

"बाई काहीही सांगतील. बाजारात आलेला माणूस प्यायचं पाणी काय खिशातून आणतो? आधी पाणी, मग बाजार."

"अहो, ऐकून तरी घ्या! त्या पुढे तेच म्हणाल्या. नुसता बाजार भरला तर लोक संध्याकाळी उठून जातात. जिथे पाणी असतं, तिथे मुक्काम करतात."

"मग तसं आधी सांगायचं ना! आणि मुक्काम केला की शहर होतं होय? उद्या उठून गेले तर?"

"मुक्कामाला आलेल्यांची कामं करणारे मागे राहतात. लोहार, शिंपी, धोबी..."

बोलता बोलता त्याने पिन लावली होती. एक शर्ट ओढून कॉलर सरळही केली होती. हे ध्यानात आलं तेव्हा त्याने शेजारी बघितलं. स्टूल रिकामंच होतं. आक्का त्यावर कधी बसायची नाही, आताही उभीच होती.

"मग? धोब्याचं पुढे काय झालं?"

त्याने इस्त्री वर उचलली आणि तशीच धरून उभा राहिला.

"नाही आठवत," तो म्हणाला. "उद्या जाऊन बघावं लागेल."

"बघा. आणि तो जळका शर्ट ज्याचा आहे त्याला काय सांगणार, तेही बघा."